जुन्या नौकेचा नवा संसार

इ. स. १९२९ सालची गोष्ट. इंग्लंडच्या केंट परगण्यांत कॉनियर नांवाची एक चिंचोळी खाडी आहे. ओहोटीचें पाणी ओसरलें म्हणजे तिच्या दोन्ही कांठांचा चिखल उघडा पडतो. या चिखलांत एका नौकेचें नुसतें धड रुतून पडलें होतें. ती १९१२ सालीं ब्रिटिश आरमारासाठीं बांधलेली वाफेची पिनेस होती. म्हणजे मोठ्या युद्धनौकेवरून बंदरांत माणसांची व सामानाची ने-आण करणारी होडी. आरमाराला तिचें काम उरलें नव्हतें. चार्ल्स हर्बर्ट लाइटोलर नांवाच्या एका निवृत्त दर्यावर्दीनें ती पाहिली, विकत घेतली, नवें एंजिन व नव्या केबिनी बसवून तिची सहलीची नौका केली आणि १९३० च्या उन्हाळ्यांत तिला पुन्हां पाण्यांत सोडलें.

लाइटोलर हें नांव टायटॅनिकच्या कथेंत वारंवार येतें. १९१२ च्या एप्रिलमध्यें तें जहाज हिमनगावर आदळून बुडालें, तेव्हां तो त्यावर सेकंड ऑफिसर होता. शेवटपर्यंत होड्या सोडीत राहून अखेर तो समुद्रांत फेंकला गेला, आणि एका उलट्या झालेल्या होडीच्या पाठीवर त्यानें ती रात्र काढली. वांचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ तोच. पहिल्या महायुद्धांत आरमाराच्या नौकांची कप्तानी करून त्यानें पदकें मिळविलीं. परंतु टायटॅनिकवरून वांचून आलेल्या अधिकाऱ्यांपैकीं एकालाही त्या कंपनीच्या जहाजाची कप्तानी पुढें लाभली नाहीं. तेराव्या वर्षीं शिडाच्या जहाजावर उमेदवारी करूं लागलेला हा माणूस अखेर किनाऱ्यावर येऊन कोंबड्या पाळूं लागला. नौका घेतली तेव्हां त्याचें वय पंचावन्न होतें. मोडींत निघालेल्या माणसानें मोडींत निघालेली नौका घेतली, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच चूक ठरणार नाहीं.

त्याची पत्नी सिल्व्हिया ही ऑस्ट्रेलियन. तिनें नौकेचें नांव 'सनडाउनर' ठेवलें. ऑस्ट्रेलियाच्या रानवट मुलुखांत सूर्य मावळतां मावळतां एखाद्या मळ्यावर येऊन जेवण व निवारा मागणाऱ्या भटक्याला हा शब्द लावीत. दिवसाचें काम संपल्यावर येऊन पोंचण्यांतच त्या भटक्याची हुशारी!

जुन्या नौकेला नवें एंजिन बसविणें ही वरवर पाहतां कारागिराची बाब. तिच्यांत इतिहासकारानें लक्ष घालावें असें काय आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. परंतु समुद्रावर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत जे पालट झाले, त्यांची नोंद जितकी मोठ्या जहाजांच्या यादींत सांपडते तितकीच ती अशा एखाद्या जुन्या धडाच्या पोटांतही सांपडते. धड एकच असतें. त्यांत वाफ येते आणि जाते, पेट्रोल येतें आणि जातें, डिझेल येतें, बिनतारी यंत्र येतें, रडार येतें. प्रत्येक नवा पाहुणा जागा मागतो, वजन घालतो, आणि जुन्या लांकडाशीं त्याला जमवून घ्यावें लागतें.

१९१२ हें साल या दृष्टीनें मोठें मौजेचें आहे. कोळशाच्या वाफेवर चालणारें टायटॅनिक त्या वर्षीं बुडालें; आरमाराची ही पिनेस वाफेचेंच एंजिन घेऊन त्याच वर्षीं बांधली गेली; आणि कोपनहेगनच्या गोदींत तयार झालेलें 'सेलांडिया' हें डिझेल एंजिनाचें व्यापारी जहाज त्याच वर्षीं पूर्वेकडे बँकॉकच्या सफरीवर निघालें. त्याला धुराडेंच नव्हतें. एक युग मावळत होतें, दुसरें उगवत होतें. आणि बंदरांत पाहणाराला मात्र दोन्ही जहाजें सारखींच भक्कम दिसत असतील.

लहान नौकांत डिझेलच्या आधीं पेट्रोल आलें. १८८६ सालीं गॉटलीब डाइमलर यानें जर्मनींतील नेकार नदीवर पेट्रोलचें एंजिन बसविलेली होडी चालविली. लोक पेट्रोलला भीत. म्हणून त्यानें होडीवर तारा व चिनी मातीच्या गुंड्या लावून ती विजेवर चालते असा देखावा केला, अशी हकीकत सांगतात. ती भीति निराधार नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. मोटारगाडींतून गळलेलें पेट्रोल रस्त्यावर उडून जातें. नौकेंत त्याची वाफ तळाशीं सांचून राहते, आणि एका ठिणगीसरशीं सबंध नौका पेट घेते. इंधन महाग तें वेगळेंच. यावर तोड म्हणून पेट्रोल व घासलेट अशा दोन्हींवर चालणारीं एंजिनें निघालीं. लाइटोलरनें सनडाउनरमध्यें बसविलेलें पार्सन्स बनावटीचें ६० अश्वशक्तीचें एंजिन याच जातीचें होतें. असलें एंजिन पेट्रोलवर सुरू करावयाचें, आणि चांगलें तापलें म्हणजे कळ फिरवून घासलेट सोडावयाचें. तापलेल्या भागांतून जातांना घासलेटची वाफ होते आणि ती सिलिंडरमध्यें जळते. थंड एंजिनाला घाईनें घासलेट पाजलें तर तें धूर ओकून बंद पडतें. तात्पर्य, हें यंत्र चालविणाराला त्याचा स्वभाव ओळखावा लागे. हल्लींच्यासारखें बटण दाबून मोकळें होतां येत नसे.

६० अश्वशक्ति हा आंकडा आजच्या श्रोत्यांना क्षुल्लक वाटेल. लहानशा मोटारगाडीलाही त्याहून अधिक लागते. परंतु येथेंच जुन्या नौकेचा खरा धडा आहे, आणि जुनी नौका घेऊन तींत दुप्पट ताकदीचें यंत्र कोंबणारे हौशी लोक नेमका तोच विसरतात. विल्यम फ्राउड नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें १८७० नंतरच्या वर्षांत टॉर्की येथें एक लांबलचक हौद बांधून त्यांत मेणाच्या नौका ओढून पाहिल्या. त्याच्या प्रयोगांनीं जें शास्त्र उभें राहिलें तें थोडक्यांत असें : नौका पाणी कापीत चालली म्हणजे तिच्या नाळेशीं एक लाट उठते. वेग वाढेल तसतशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी झाली कीं नौका स्वतःच उठविलेल्या लाटेच्या उतारावर अडकते; तिची नाळ वर उचलली जाते, पिछाडी खालीं बसते, आणि त्यापुढें ओतलेली शक्ति लाट मोठी करण्यांत खर्च होते. पाण्यालगतच्या लांबीच्या फुटांचें वर्गमूळ घेऊन त्याला सुमारें १.३४ नें गुणलें कीं हा वेग नॉटमध्यें निघतो. सनडाउनरची एकूण लांबी ५८ फूट. हिशेब साधारण १० नॉटवर येऊन थांबतो, आणि तिची धांवही तितकीच होती. सपाट तळाच्या, पाण्यावरून घसरत जाणाऱ्या वेगवान नौकांची गोष्ट निराळी. पण खोल पोटाच्या जुन्या नौकेला तिच्या बापजाद्यांनीं ठरवून दिलेला वेग ओलांडतां येत नाहीं.

एंजिन बदलण्याचें काम म्हणजे एक काढून दुसरें ठेवणें असें जो समजतो त्याचा पहिल्याच सफरींत भ्रमनिरास होतो. बॉयलर, कोळसा व वाफेचें जड यंत्र गेलें म्हणजे नौका हलकी होऊन पाण्याबाहेर वर येते. मग डुलूं लागते. गेलेलें वजन कोठें होतें आणि नवें कोठें येणार, याचा हिशेब करून तळाशीं निरम म्हणून शिसें किंवा लोखंड भरावें लागतें. पूर्वीचें एंजिन सावकाश फिरे, म्हणून त्याचा पंखा मोठा. नवें एंजिन चपळ फिरतें, म्हणून मध्यें दांत्यांच्या चाकांची पेटी बसवून त्याचा वेग उतरवावा लागतो, आणि बहुधा पंखाही नवा घडवावा लागतो. पंखा चुकला तर चांगल्यांतलें चांगलें एंजिन एक तर गुदमरतें, नाहीं तर व्यर्थ भिरभिरतें. एंजिन ज्या लांकडी ओंडक्यांवर बसतें ते तळाच्या अनेक फांसळ्यांना सांधून घ्यावे लागतात. एरवीं त्याचा हादरा दोन फांसळ्यांवर पडून फळ्यांचे सांधे उकलतात.

सर्वांत नाजुक भाग एंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेंत आणण्याचा. या बाबतींत लांकडी नौका एक गंमत करते. गोदींत ठोकळ्यांवर उभी असतांना तिचा आकार एक असतो, आणि पाण्यांत उतरल्यावर किंचित् निराळा होतो. पाणी पिऊन फळ्या फुगतात, नाळ व पिछाडी थोडी वांकतात. म्हणून जाणता कारागीर गोदींत काम बेतानेंच पुरें करतो, नौका पाण्यांत सोडतो, कांहीं दिवस तिला स्वस्थ राहूं देतो, आणि मग पातळ पोलादी पट्ट्या सांध्यांत सरकवून इंचाच्या हजारांशांनीं दांडा जुळवितो. ज्याला हे कांहीं दिवस थांबवत नाहीं त्याला पुढें वर्षानुवर्षें घरघर ऐकावी लागते.

आरमाराच्या अशा नौका बहुधा सागवानाच्या तिरप्या फळ्यांचे दोन थर एकमेकांवर आडवे बसवून बांधीत. सागवानाची महती मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या हातून १८१७ सालीं पाण्यांत उतरलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. लांकडाच्या आंतील तेलानें त्याला कीड लागत नाहीं आणि लोखंडी खिळाही त्यांत लवकर गंजत नाहीं. कॉनियरच्या चिखलांत पडलेलें धड लाइटोलरला घ्यावेंसें वाटलें, यांत त्याच्या नजरेइतकाच लांकडाचाही वांटा असला पाहिजे.

विजेचें प्रकरण मात्र निराळें. वाफेच्या नौकेंत कंदील पुरत; नव्या एंजिनाबरोबर बॅटऱ्या आल्या, तारा आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक छुपा शत्रु आला. दोन निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांना जोडलेले असले म्हणजे तो एक विद्युत्‌घटच होतो, व त्यांतला एक धातु हळूहळू झिजूं लागतो. सर हंफ्री डेव्ही यानें १८२४ सालींच हें ओळखून जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. युक्ति लागू पडली. तांबें झिजेनासें झालें. परंतु झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेंच जहाजाच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटत नसत. तें विष थांबतांच जहाजाच्या तळावर सगळी वसाहत उभी राहिली, आणि आरमारानें डेव्हीचे तुकडे काढून टाकले. आजच्या नौकांच्या पंख्याजवळ मात्र तोच जस्ताचा तुकडा बळी म्हणून बांधलेला असतो. तारांची निष्काळजी मांडणी झाली तर ही झीज कैक पटींनीं वाढते. शिवाय होकायंत्राजवळून गेलेली एकेरी तार, लोखंडी एंजिन, इतकेंच काय पण ध्वनिक्षेपकाचें चुंबकही सुईला फसवितें. म्हणून नौकेंत कांहीं नवें बसविलें कीं तिला निरनिराळ्या दिशांना वळवून होकायंत्राची चूक पुन्हां तपासावी लागते.

बिनतारी यंत्राची कथा टायटॅनिकशींच जोडलेली आहे. त्या रात्रीं कार्पेथिया हें जहाज हांकेला धांवून आलें तें मार्कोनीच्या यंत्रामुळें. आणि त्याहून जवळ असलेल्या कॅलिफोर्नियनला हांक पोंचली नाहीं, कारण तेथला एकुलता एक तारायंत्री दिवसभराच्या कामानंतर यंत्र बंद करून झोंपीं गेला होता. १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारानें मोठ्या उतारू जहाजांवर दिवसरात्र कान देऊन बसण्याची सक्ति ठरविण्यांत आली. हिमनग आधीं ओळखतां यावा म्हणून जे प्रयोग सुरू झाले त्यांतूनच अमेरिकेंत रेजिनाल्ड फेसेंडेन यानें १९१४ सालीं आवाजाचा पडसाद घेऊन हिमनग व समुद्राचा तळ दोन्ही ओळखून दाखविले; जर्मनींत अलेक्झांडर बेम याचेंही त्याच दिशेनें काम चाललें होतें. शिशाचा ओळंबा दोरीनें सोडून खोली मोजणाऱ्या खलाशाची जागा पुढें ज्या यंत्रानें घेतली, त्याचा जन्म हा असा.

आतां १९४० सालाकडे वळावयास हवें. दरम्यानच्या दहा वर्षांत लाइटोलर पति-पत्नींनीं सनडाउनर घेऊन उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर पुष्कळ सफरी केल्या. १९३९ च्या जुलैंत आरमाराच्या सांगण्यावरून त्यांनीं जर्मन किनाऱ्याची गुप्त पाहणीही केली. सहलीला निघालेल्या वृद्ध जोडप्याचा संशय कोणाला येणार? सप्टेंबरांत युद्ध पेटलें, आणि आरंभींच त्यांचा धाकटा मुलगा ब्रायन विमानांतून विल्हेल्म्सहाफेनवर हल्ला करतांना मारला गेला.

१९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश व फ्रेंच फौजा डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडल्या गेल्या. ॲडमिरल रॅम्से याच्या देखरेखीखालीं २६ मेपासून ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडांत सुखरूप आणले गेले. १९३९ च्या डिसेंबरांत मुंबईहून निघून मार्सेयला उतरलेल्या हिंदी खेंचर-तुकड्यांचे सैनिकही त्या पळापळींत होते, हें पुष्कळ दिवस विस्मरणांत गेलें होतें. डंकर्कचा किनारा उथळ. विनाशिकेला वाळूपासून फार दूर उभें राहावें लागे. म्हणून नदीनाल्यांतल्या शेंकडों लहान नौका आरमारानें गोळा केल्या. लोककथेंत सगळें श्रेय या लहान नौकांना मिळालें आहे. वस्तुतः दोन तृतीयांशांहून अधिक सैनिक बंदराच्या धक्क्यावरूनच मोठ्या जहाजांत चढले. तरी सुमारें ९८,००० लोक वाळूवरून उचलले गेले, आणि लहान नौकांवांचून तें घडतें ना. लांकडी असल्यामुळें जर्मनांच्या चुंबकीय सुरुंगांचें भयही त्यांना कमी होतें.

या नौकांच्या वाटेला आलेलीं संकटें पाहिलीं म्हणजे डागडुजीचें महत्त्व ध्यानांत येतें. थेम्सच्या शांत पाण्यावर रविवारीं दोन तास चाललेलें एंजिन खाडींत चौथ्या तासाला बंद पडे. पाण्यांत तरंगणाऱ्या दोऱ्या व कपडे पंख्यांत गुंतत. पुष्कळांच्या होकायंत्रांचा भरंवसा नव्हता, आणि बहुतेक लहान नौकांवर बिनतारी यंत्र नव्हतें. कर्ण्यांतून ओरडून हुकूम द्यावे लागत.

मे महिन्याच्या अखेरीस लाइटोलरला निरोप आला कीं सनडाउनर रॅम्सगेटला आणून आरमाराच्या खलाशांच्या हवालीं करावी. त्यानें नौका देण्याचें कबूल केलें. पण ती चालविणार आपण, दुसरें कोणी नाहीं, असें बजावलें. त्याचें वय तेव्हां छासष्ट होतें. १ जूनला सकाळीं दहाच्या सुमारास थोरला मुलगा रॉजर व अठरा वर्षांचा बालवीर जेराल्ड ॲशक्रॉफ्ट यांना घेऊन तो निघाला. वाटेंत 'वेस्टर्ली' नांवाची मोटार-नौका बंद पडून पेटलेली दिसली. तिच्यावरच्या माणसांना त्यानें उतरवून घेतलें. डंकर्कला वूर्स्टर या विनाशिकेला नौका लावून सैनिक घेण्यास सुरुवात झाली. तोंपर्यंत सनडाउनरवर एका वेळीं २१ पेक्षां अधिक माणसें कधीं चढलीं नव्हतीं. रॉजरनें खालीं एकेकाला आडवें निजवून, न्हाणीघरसुद्धां न सोडतां, ७५ जण बसविले. मग डेकवर माणसें घ्यावयाचीं ठरलें. नौकेचा तोल हळूहळू सैल होऊं लागला. तो पायाखालीं जाणवतांच लाइटोलरनें हात वर केला. एकंदर सुमारें १३० माणसें झालीं होतीं.

परतीच्या वाटेवर विमानांनीं मशीनगनांचा मारा केला. ब्रायननें जिवंतपणीं वडिलांना एक गोष्ट सांगून ठेवली होती : झेंप घेणाऱ्या विमानाला अखेरच्या क्षणीं दिशा बदलतां येत नाहीं, तेव्हां त्याची नाळ रोखली जाईपर्यंत थांबावें आणि मग एकदम वळावें. सनडाउनर सुकाणूला विलक्षण चपळ होती. मेलेल्या मुलाची शिकवण आणि जुन्या पिनेसचा तो गुण यांवर १३० जीव तरले. वेगानें जाणाऱ्या विनाशिकांच्या लाटांची भीति गोळ्यांपेक्षां कमी नव्हती; भरलेल्या नौकेची डोल वाढली कीं सर्व संपलें असतें. सुमारें बारा तासांनीं ती रॅम्सगेटला परत आली, आणि धक्का दिसतांच माणसें उठूं लागलीं तेव्हां उलटतां उलटतां वांचली. इतकीं माणसें हिच्यांत मावलीं कोठें, असा प्रश्न धक्क्यावरच्या लोकांना पडला. १९३० सालीं केलेला वजनांचा हिशेब चुकला असता तर त्या दिवशीं त्याची किंमत मोजावी लागली असती.

रॉजरही पुढें १९४५ च्या मार्चमध्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावर ग्रँव्हील येथें मारला गेला. युद्ध संपल्यावर लाइटोलरनें टेम्सकांठीं ट्विकनहॅम येथें नौका बांधण्याचा कारखाना चालविला. नदीवरच्या पोलिसांसाठीं तेथें मोटार-नौका तयार होत. सनडाउनर त्याच्या कुटुंबाकडे परत आली आणि पुन्हां दुरुस्त होऊन फिरूं लागली. १९५२ च्या डिसेंबरांत, लंडनवर विषारी धुकें पसरलें असतांना, तो वारला. नौका सिल्व्हियानें पुढें बरींच वर्षें सांभाळली.

युद्धानें समुद्रावर जें नवें आणलें त्यांत सर्वांत मोठी गोष्ट रडार. बर्मिंगहॅम येथें रँडल व बूट यांनीं १९४० च्या फेब्रुवारींत मॅग्नेट्रॉन नळी चालू केली, आणि रडार जहाजावर मावण्याइतकें लहान होण्याचा मार्ग मोकळा झाला. डेका नांवाची रेडिओ-लहरींवरून स्थान ठरविण्याची पद्धति १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीच्या स्वारींत प्रथम वापरली गेली व नंतर व्यापारी जहाजें, कोळ्यांच्या नौका, सहलीच्या नौका या सर्वांना उपलब्ध झाली. नळ्यांचीं यंत्रें बॅटरी खाऊन टाकीत. ट्रान्झिस्टर आल्यावर लहान नौकेलाही तीं परवडूं लागलीं. मग उपग्रहांवरून स्थान सांगणारें जी.पी.एस. आलें, आणि २००० सालीं ब्रिटनमधील डेकाचीं केंद्रें बंद झालीं. एके काळीं ज्या पेटीसाठीं नौकामालक दरसाल भाडें भरीत तिच्यांतून आतां कांहींच ऐकूं येईना. हें चमत्कारिक वाटेल, पण जुन्या नौकेंत सर्वांत आधीं म्हातारें होतें तें सर्वांत नवें यंत्र. सागवानी धड शंभर वर्षें टिकतें, चांगलें डिझेल एंजिन तीस-चाळीस वर्षें चालतें. इलेक्ट्रॉनिक उपकरणें मात्र दहा-पंधरा वर्षांत अडगळ होतात, आणि तीं बिघडण्याआधीं त्यांच्याशीं बोलणारें किनाऱ्यावरचें जगच निघून जातें. म्हणून शहाणा मालक तारांसाठीं जागा प्रशस्त ठेवतो, एंजिन सुरू करणारी बॅटरी उपकरणांच्या बॅटरीपासून अलग ठेवतो, आणि उपकरणासाठीं जुन्या लांकडाला भोंक पाडण्यापूर्वीं दोनदां विचार करतो. रडारचें डोकें उंच चढवावें तितकें दूरचें दिसतें, पण उंचावरचें प्रत्येक शेर वजन नौकेचा तोल बिघडवितें. हा सौदाही त्याला करावाच लागतो.

डंकर्कला पंचवीस वर्षें झालीं तेव्हां, १९६५ सालीं, बी. बी. सी.वरील प्रसिद्ध निवेदक रेमंड बॅक्स्टर याच्या पुढाकारानें ४३ लहान नौका खाडी ओलांडून पुन्हां तेथें गेल्या. त्यांतून पुढल्या वर्षीं या नौकांच्या मालकांची संघटना झाली, आणि दर पांच वर्षांनीं अशी फेरी काढण्याचा परिपाठ पडला. २०२० ची फेरी महामारीमुळें झाली नाहीं. २०२५ सालीं ती पुन्हां निघाली. आज ती खाडी जगांतील अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकीं एक आहे. तेथें १९४० च्या एंजिनानें व कंदिलानें जाणें म्हणजे भोंवतालच्या प्रचंड मालवाहू जहाजांना आंधळेपणानें सामोरें जाणें. तेव्हां पुष्कळ मालकांनीं नवीं डिझेल एंजिनें, रेडिओ-दूरध्वनि, रडार, स्थानदर्शक यंत्रें घातलीं.

यावर नौकाप्रेमी मंडळींत मोठा वाद आहे. एका पक्षाचें म्हणणें, जुनें एंजिन काढलें कीं नौकेचा आवाज, वास, चाल सर्व गेलें. राहिला तो फक्त आकार. दुसरा पक्ष म्हणतो, जी नौका समुद्रावर जाऊं शकत नाहीं ती नौका कसली? लंडनच्या अग्निशामक दलाची 'मॅसी शॉ' ही १९३५ सालची बंबनौका डंकर्कला गेली होती. तिची पुढें सांगोपांग दुरुस्ती झाली तेव्हां तिचीं मूळचीं ग्लेनिफर बनावटीचीं दोन डिझेल एंजिनें कायम ठेवण्यांत आलीं. तें योग्यच झालें, कारण तिच्या बाबतींत यंत्रें हाच इतिहास आहे. सनडाउनरच्या बाबतींत हा नियम लावूं गेल्यास मूळ एंजिन कोणतें म्हणावयाचें? वाफेचें म्हणावें तर लाइटोलरची सनडाउनरच नाहींशी होते. १९३० सालीं मूळचें रूप जपण्याचा आग्रह कोणी धरला असता तर कॉनियरच्या खाडींत एक अस्सल पिनेस कुजून गेली असती. ब्रिटनमधील ऐतिहासिक नौकांची नोंद ठेवणारी संस्था मालकांना एवढेंच सांगते कीं, कांहींही काढण्यापूर्वीं त्याचें मोजमाप घ्यावें, छायाचित्र काढावें, आणि केलेला फेर पुढच्या पिढीला उलटवितां येईल असा करावा. वादापेक्षां ही सूचना अधिक उपयोगी आहे.

सिल्व्हियाच्या मृत्यूनंतर सनडाउनर हातोहात फिरली व अखेर रॅम्सगेटच्या सागरी संग्रहालयाकडे आली. ज्या धक्क्यावर १ जून १९४० च्या रात्रीं तिच्यांतून माणसें उतरलीं, तो त्याच बंदरांत आहे.